पहिला गेम तयार करताना: आट्यापाट्यांच्या एका छोट्या डावाची आखणी

पहिला व्हिडिओ गेम तयार करायला बसणाऱ्याने सर्वांत आधी एक गोष्ट ठरवावी: हा गेम पूर्ण होईल इतका लहान असेल. पडद्यावर धावणारे पात्र एक-दोन दिवसांत उभे राहते; पण सुरुवातीचा पडदा, हरल्यावर पुन्हा खेळण्याची सोय, आवाज, मध्येच थांबवण्याचे बटण, लहानमोठ्या पडद्यांवर सगळे नीट दिसणे आणि दुसऱ्याच्या संगणकावर गेम सुरळीत चालणे ही कामे त्यानंतर सुरू होतात. गेम कसा तयार होतो याचे खरे शिक्षण या उरलेल्या कामांतच मिळते. कल्पना फार मोठी निवडलेली असली की नवशिका तिथवर पोचतच नाही, आणि अर्धवट सोडलेल्या प्रोजेक्टने आत्मविश्वास खचतो याचे मला फार वाईट वाटते, कारण ते टाळण्यासारखे असते.

‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम एरिक बरोन यांनी एकट्याने तयार केला, हे उदाहरण नवशिके नेहमी देतात. ते खरेही आहे. मात्र २०१६ साली तो प्रसिद्ध होण्यापूर्वी त्यांनी सुमारे साडेचार वर्षे त्यावर काम केले होते. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ २०२० साली आला, तोही एका चमूच्या काही वर्षांच्या श्रमांतून. पहिल्या प्रोजेक्टसाठी नजर याच्या उलट दिशेला असावी. १९७२ साली अटारी या गेम कंपनीमध्ये नव्याने रुजू झालेल्या ॲलन अल्कॉर्न यांना नोलन बुशनेल यांनी हात बसावा म्हणून एक काम दिले: दोन फळ्या, एक चेंडू आणि गुणसंख्या. त्या सरावातून ‘पाँग’ तयार झाला. नवशिक्याच्या कामाचा आवाका साधारण एवढाच असावा.

कल्पना कोठून घ्यावी?

जिचे नियम तुम्हाला आधीच ठाऊक आहेत, अशी कल्पना घ्यावी. नियम नव्याने शोधणे हे एक स्वतंत्र कौशल्य आहे आणि कोड लिहिणे हे दुसरे. दोन्ही एकाच वेळी शिकायला घेतली की नेमके कशात अडलो आहोत हेच कळेनासे होते. या लेखात मी आट्यापाट्यांचे उदाहरण शेवटपर्यंत वापरणार आहे, कारण आपल्या मैदानी खेळांपैकी संगणकावर उतरवायला इतका सोपा खेळ मला दुसरा दिसत नाही. पाटी धरणारा गडी आपली पाटी सोडून पुढेमागे जाऊ शकत नाही. तो फक्त डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो, म्हणजे त्याची हालचाल एकाच अक्षावर होते आणि त्याला मार्ग शोधायला शिकवावे लागत नाही. शिवाय खेळाचा आत्मा हुलकावणीत आहे, आणि ती हुलकावणी कोडच्या काही ओळींत कशी पकडता येते हे पुढे पाहू.

मैदानावर नऊ आडव्या पाट्या आणि त्यांना मधोमध छेदणारी सूरपाटी असते. आपण तीनच पाट्या घ्याव्यात आणि सूरपाटी तूर्त बाजूला ठेवावी. कागदावर गेमचे एका वाक्यात वर्णन लिहावे: खेळाडू मैदानाच्या खालच्या टोकापासून निघतो, तीन पाट्या ओलांडून वरच्या टोकाला पोचतो आणि तसाच परत खाली येतो, वाटेत पाटीवरच्या कोणाचाही स्पर्श झाला तर डाव संपतो. त्याच कागदाच्या मागे ‘नंतर पाहू’ असे शीर्षक घालावे. सूरपाटी, दोन खेळाडूंचा डाव, इंटरनेटवरून खेळण्याची सोय, गावाची पार्श्वकथा, पात्रांचे कपडे बदलणे या सगळ्या कल्पना सुचतील तशा तिकडे लिहाव्यात. त्या लिहून ठेवल्या की मनातून उतरतात आणि हातातल्या कामात लुडबुड करत नाहीत.

इंजिन निवडण्यात महिने घालवू नका

गेम तयार करण्याचे सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, कोणते चांगले यावरच्या चर्चा कधीच संपत नाहीत, म्हणून मी स्पष्ट मत देतो: पहिल्या द्विमितीय गेमसाठी गोडो घ्यावे. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी सुरू केलेले हे इंजिन २०१४ साली एमआयटी परवान्याखाली सर्वांसाठी खुले झाले. ते मोफत आहे, तुमच्या उत्पन्नात वाटा मागत नाही आणि साध्या लॅपटॉपवरही चालते. युनिटी हेही समर्थ इंजिन आहे आणि सी-शार्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणाऱ्याने ते जरूर वापरावे. परंतु त्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये गेमच्या इन्स्टॉलेशनवर शुल्क आकारण्याची घोषणा केली आणि वर्षभराने ती मागे घेतली, तेव्हा दुसऱ्याच्या अटींवर उभ्या असलेल्या साधनाची जोखीम पुष्कळांच्या लक्षात आली. अनरियल हे तिसरे इंजिन तीन पाट्यांच्या खेळासाठी विनाकारण जड आहे.

नवा प्रोजेक्ट उघडताना गोडो तुम्हाला रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) कोणता हवा ते विचारतो. तिथे ‘कम्पॅटिबिलिटी’ निवडावे. तो जुन्या संगणकांवर नीट चालतो आणि गेम ब्राउझरमध्ये खेळता यावा असे वाटत असेल तर तोच लागतो. भाषा म्हणून गोडोची स्वतःची जीडीस्क्रिप्ट घ्यावी. गोडो ४ मध्ये सी-शार्पचे प्रोजेक्ट वेबसाठी एक्स्पोर्ट करण्याची, म्हणजे ब्राउझरमध्ये चालेल अशा रूपात काढण्याची, सोय मिळालेली नाही. कोड कधीच लिहिला नसेल तर व्हेरिएबल, अट, लूप आणि फंक्शन एवढ्या चार गोष्टी आधी समजून घ्याव्यात, मग गोडोच्या अधिकृत दस्तऐवजांतला पहिल्या टूडी गेमचा धडा स्वतः टाइप करत पूर्ण करावा. कोड चिकटवून काम लवकर होते, पण बोटांना आणि डोक्याला काही मिळत नाही. कोड लिहून देणाऱ्या एआय साधनांनाही हाच नियम लावावा: जी ओळ तुम्ही दुसऱ्याला समजावून सांगू शकत नाही, ती प्रोजेक्टमध्ये ठेवू नये.

चौकोनांनी सुरुवात

चित्रे काढण्याचा मोह सुरुवातीला पूर्णपणे बाजूला ठेवावा. अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली मॉस्कोत ‘टेट्रिस’ ज्या इलेक्ट्रॉनिका ६० या संगणकावर लिहिला, त्यावर चित्रे दाखवण्याची सोयच नव्हती. ठोकळे कंसाच्या चिन्हांनी दाखवले जात, आणि तरीही लोक त्यात गुंतून गेले. तुमचा खेळ रंगीत चौकोनांत रंगत नसेल तर सुंदर चित्रांनीही तो रंगणार नाही, आणि ही गोष्ट चित्रे काढण्यापूर्वी कळलेली बरी.

खेळाडूसाठी कॅरॅक्टरबॉडी-टूडी हा नोड (गोडोमधला गेमचा घटक) घ्यावा, त्यात एक निळा चौकोन आणि एक कॉलिजन शेप (स्पर्श ओळखण्यासाठीचा अदृश्य आकार) ठेवावा. बाणांच्या कळांवरून दिशा घेण्यासाठी गेट-व्हेक्टर हे फंक्शन वापरावे. दोन कळा एकत्र दाबल्या की आडवा वेग २०० आणि उभा वेग २०० मिळून तिरका वेग सुमारे २८३ होतो आणि तिरके पळणारा खेळाडू विनाकारण जलद ठरतो. हे फंक्शन तो दोष आपोआप टाळते. दुसरी काळजी डेल्टाची. डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून (पडद्यावर उमटलेल्या मागच्या चित्रापासून) गेलेला वेळ. एखादी वस्तू तुम्ही स्वतः तिची जागा बदलून हलवत असाल तर वेगाला डेल्टाने गुणावे, नाहीतर जलद संगणकावर ती जास्त वेगाने पळेल. मात्र खेळाडूला हलवणारे मूव्ह-अँड-स्लाइड हे फंक्शन वापरताना वेग तसाच द्यावा, कारण ते फंक्शन डेल्टाचा हिशेब आतल्या आत करते. नवशिक्यांचा खेळाडू जागचा हललाच नाही किंवा गोगलगायीसारखा सरकला तर बहुधा याच ठिकाणी दोनदा गुणाकार झालेला असतो.

आता पाटीवरचा गडी. त्याच्यासाठी एरिया-टूडी हा नोड पुरेसा आहे, कारण त्याला कोणाला अडवायचे नसून फक्त स्पर्श झाला का हे ओळखायचे आहे. पहिला विचार असा येतो की त्याने प्रत्येक क्षणी खेळाडू जिथे आहे तिथे सरकावे. तसे करून पाहावे, आणि मग पाटी ओलांडण्याचा प्रयत्न करावा. ती ओलांडता येत नाही. गडी खेळाडूसमोरून हलतच नाही, म्हणजे त्याची भिंत होते. मग वाटते की त्याचा वेग कमी करावा; पण वेग कमी केला की मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नुसते धावत सुटले तरी तो मागे पडतो आणि खेळात काही उरत नाही.

खऱ्या मैदानावर काय घडते ते आठवावे. पाटी धरणाऱ्याचे पाय काही हळू नसतात. समोरच्याची दिशा बदलली हे त्याच्या लक्षात यायला क्षणभर उशीर लागतो आणि त्या क्षणातच हुलकावणी बसते. म्हणून गड्याचा वेग खेळाडूपेक्षा थोडा जास्त ठेवावा, परंतु त्याला खेळाडूची आत्ताची जागा न दाखवता ०.३ सेकंदापूर्वीची जागा दाखवावी. गोडोमध्ये भौतिकीचा हिशेब मुळात सेकंदाला ६० वेळा होतो, तेव्हा खेळाडूच्या मागच्या १८ जागा एका ॲरेमध्ये (क्रमवार यादीत) साठवायच्या, दर वेळी नवी जागा शेवटी जोडायची आणि सर्वांत जुनी काढून तीच गड्याला द्यायची. कोडच्या चार-पाच ओळींचे हे काम आहे, आणि खेळ त्याच क्षणी जिवंत होतो.

आकडे मांडून पाहिले की कारण स्पष्ट होते. खेळाडूचा वेग सेकंदाला २०० पिक्सेल असेल तर आडवे धावताना गडी त्याच्यामागे २०० गुणिले ०.३, म्हणजे ६० पिक्सेल राहतो. खेळाडूची रुंदी ३० आणि गड्याची ४० धरली तर दोघांच्या मध्यांमधले अंतर ३५ पिक्सेलपेक्षा कमी झाले की स्पर्श होतो. ६० हे ३५ पेक्षा पुष्कळ जास्त आहे, त्यामुळे सुटायला जागा मिळते. तिरके घुसताना आडवा वेग सुमारे १४१ उरतो आणि अंतर ४२ वर येते. तिथे खेळाडू निसटता निसटता निसटतो, आणि तोच थरार आपल्याला हवा आहे. आता उशीर ०.१५ सेकंद केला, म्हणजे ॲरेमध्ये ९ जागा ठेवल्या, तर अंतर ३० होते आणि पाटी पुन्हा अभेद्य बनते. म्हणजे या एका आकड्यावर संपूर्ण गेमची काठिण्यपातळी ठरते. पहिल्या पाटीवर ०.३५, दुसरीवर ०.३ आणि तिसरीवर ०.२७ असा उशीर ठेवून पाहावा. हे आकडे कोडमध्ये ठिकठिकाणी न विखुरता एक्स्पोर्ट व्हेरिएबल म्हणून ठेवावेत, म्हणजे एडिटरमधूनच ते बदलून लगेच खेळून पाहता येते. या टप्प्यावर घाई करू नये. आकडा बदलायचा, खेळायचा, पुन्हा बदलायचा, या कामाला आठवडा लागला तरी तो सत्कारणी लागतो.

स्पर्शाच्या बाबतीत खेळाडूला थोडे झुकते माप द्यावे. कॉलिजन शेप दिसणाऱ्या चौकोनापेक्षा दोन-तीन पिक्सेलनी लहान ठेवला तर जेमतेम हुकलेला स्पर्श हुकलेलाच धरला जातो आणि ‘मला तर लागलाच नव्हता’ ही तक्रार येत नाही. २०१८ सालच्या ‘सेलेस्ट’ या अवघड समजल्या जाणाऱ्या गेममध्येही कड्यावरून पाय सुटल्यानंतर काही फ्रेमपर्यंत उडी मारता येते. अवघड गेमही खेळाडूशी न्यायाने वागलेला वाटावा, यासाठी अशा सवलती जाणीवपूर्वक ठेवलेल्या असतात.

चित्रे, आवाज आणि मराठी अक्षरे

चौकोनांचा डाव रंगू लागल्यानंतरच चित्रांकडे वळावे. स्वतः काढता येत नसेल तर केनी या नावाने प्रसिद्ध होणारे संच सीसी-शून्य परवान्याखाली मिळतात आणि ते निःसंकोच वापरता येतात. ओपनगेमआर्ट या संकेतस्थळावर मात्र प्रत्येक चित्राचा परवाना वेगळा असतो, तो वाचावा आणि लागेल तिथे श्रेय द्यावे. सापडलेले चित्र कोठून आले हे त्याच दिवशी एका फाइलमध्ये लिहून ठेवावे. पाटी ओलांडल्याचा, स्पर्शाचा आणि डाव जिंकल्याचा असे तीन आवाज पुरेत.

गेममधला मजकूर मराठीत असावा असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी एक तांत्रिक काळजी घ्यावी लागते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने नंतर येते, पण दिसते अक्षराच्या आधी. जोडाक्षरांचे आकार बदलतात. हे जुळवणारी यंत्रणा इंजिनात नसेल तर ‘स्थिती’ किंवा ‘किल्ल्यातील’ असे शब्द तुटून दिसतात. गोडो ३ मध्ये ही यंत्रणा नव्हती, गोडो ४ मध्ये ती आहे. युनिटीत टेक्स्टमेशप्रो ही मजकूर दाखवणारी यंत्रणा वापरणाऱ्यांना मात्र हा त्रास होतो. फॉन्ट म्हणून मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ घ्यावेत. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत आणि लहान पडद्यावरही वाचता येतात. पहिल्याच आठवड्यात जोडाक्षरांनी भरलेले एक वाक्य पडद्यावर आणून तपासावे, कारण सगळा मजकूर लिहून झाल्यावर ही अडचण कळणे फार महागात पडते.

गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन वापरायला पहिल्या दिवसापासून शिकावे. रोजचे काम संपताना एक कमिट (त्या वेळच्या अवस्थेची नोंद) करावा आणि प्रोजेक्टची प्रत संगणकाबाहेर राहील अशी व्यवस्था करावी. चालणारा गेम एखाद्या बदलाने बिघडला तर कालच्या अवस्थेत परतता आले पाहिजे. ही खात्री असली की माणूस धीटपणे प्रयोग करतो.

दुसऱ्याच्या हाती देणे

गेम अर्धा कच्चा असतानाच कोणालातरी खेळायला द्यावा. घरातली धाकटी भावंडे, वसतिगृहातले मित्र, शेजारच्या काकू, जे मिळतील ते चालतात. आट्यापाट्या कधीच न खेळलेला एखादा तरी त्यांत असावा. खेळायला देताना काहीही समजावू नये आणि तो खेळत असताना बोलू नये. हे कठीण जाते. समोरचा चुकीची कळ दाबत असतो, वर पोचूनही परत खाली यायचे आहे हे त्याला समजत नसते, आणि तुमच्या ओठांवर उत्तर आलेले असते. तरीही गप्प राहावे, कारण गेम प्रसिद्ध झाल्यावर प्रत्येक खेळाडूच्या शेजारी तुम्ही बसणार नाही. तो कुठे थबकतो, कुठे हसतो, कितव्या पराभवानंतर उठून जातो हे लिहून घ्यावे. खेळून झाल्यावर ‘आवडला का?’ असे विचारू नये, कारण ओळखीची माणसे आवडला असेच म्हणतात. त्याऐवजी ‘तुला काय करायचे होते?’ आणि ‘कोणत्या वेळी काय चालले आहे ते कळेना?’ असे विचारावे.

लोक उपायही सुचवतात. अडचण त्यांची खरी मानावी, उपाय मात्र आपण शोधावा. ‘खेळाडूला जास्त जीव द्या’ असे तिघांनी सांगितले, तर बहुधा तिसऱ्या पाटीवरचा उशीर कमी पडत असतो आणि तो किंचित वाढवल्याने काम भागते. परत खाली यायचे आहे हे कोणालाच उमगत नसेल, तर वर पोचताच खालच्या टोकाची रेघ चमकवावी. सूचनांचा परिच्छेद कोणी वाचत नाही.

प्रसिद्ध करणे

काम संपत आल्यावर एक तारीख ठरवावी आणि त्या तारखेनंतर नवे काही जोडू नये. उरलेले दिवस बग काढण्यात आणि सुरुवात, विराम, पुन्हा खेळा, बाहेर पडा या साध्या गोष्टी पक्क्या करण्यात घालवावेत. गेम वेबसाठी एक्स्पोर्ट करून, मुख्य फाइलचे नाव इंडेक्स ठेवून, सगळ्याची झिप इच.आयओ या गेमच्या संकेतस्थळावर चढवावी. तिथे शुल्क लागत नाही आणि खेळणाऱ्याला दुव्यावर टिचकी मारण्यापलीकडे काही करावे लागत नाही. गोडो ४.३ पासून वेब एक्स्पोर्ट एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर) चालू शकतो, त्यामुळे पूर्वीच्या बऱ्याच अडचणी गेल्या आहेत. फोनवर खेळता यावा असे वाटत असेल तर बोटाने चालवण्याची सोय आधी करावी लागेल, आणि ते काम दिसते त्यापेक्षा मोठे आहे.

प्ले स्टोअर आणि स्टीम (संगणकावरच्या गेमचे ऑनलाइन दुकान) यांचा विचार पहिल्या गेमसाठी करू नये असे माझे मत आहे. प्ले स्टोअरच्या खात्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात आणि नव्या वैयक्तिक खात्यांना प्रकाशनापूर्वी किमान १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. स्टीमवर प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. हे पैसे आणि हे श्रम दुसऱ्या किंवा तिसऱ्या गेमसाठी राखून ठेवावेत.

प्रसिद्ध झाल्यानंतर दोन आठवडे आलेल्या तक्रारी दूर कराव्यात आणि मग तो प्रोजेक्ट बंद करावा. त्यानंतर एखाद्या गेम जॅममध्ये, म्हणजे दिलेल्या विषयावर थोड्या वेळात गेम तयार करण्याच्या उपक्रमात, भाग घेणे फार उपयोगी ठरते. २००२ साली सुरू झालेले लुडम डेअर आणि २००९ पासून जानेवारीच्या अखेरीस अनेक देशांत एकाच वेळी भरणारे ग्लोबल गेम जॅम ही त्यांतली जुनी नावे, इच.आयओवर तर वर्षभर लहानमोठे जॅम चालूच असतात. ‘सेलेस्ट’चे पहिले रूपही चार दिवसांत पिको-८ या छोट्या काल्पनिक गेमयंत्रावर तयार झालेला एक छोटा गेम होते. जॅमला शक्यतो चित्र काढणाऱ्या किंवा संगीत जाणणाऱ्या एखाद्या सोबत्याबरोबर उतरावे, विषय जाहीर झाल्यावर पहिल्या दोन तासांत एका वाक्यातले वर्णन लिहून काढावे, आणि पहिल्याच संध्याकाळी, गेममध्ये एक हलता चौकोन एवढेच असले तरी, तो वेबवर एक्स्पोर्ट करून चालतो की नाही हे पाहून घ्यावे.